सट्ट्याचं माहेर

मामाच्या पेटीत नांदेडच्या घराचे जुने कागद निघाले. एका करारावर मथळा होता 'साटेखत'. ट ने. आपण सगळे साठेखत म्हणतो, म्हणून लिहिणाऱ्याला हसलो. शेजारी भाचा मोबाइलवर निफ्टीचा वायदा बघत होता. आई त्याला म्हणाली, "बंद कर रे तो सट्टा." साटे आणि सट्टा पाठोपाठ कानावर पडले आणि डोक्यात किडा शिरला.

बाजारातल्या बाकीच्या शब्दांची कुळं सरळ आहेत. वायदा अरबी, तेजी फारसी, मंदी संस्कृत. सेन्सेक्स तर कालचं पोर: मुंबई शेअर बाजाराने १९८६ मध्ये ३० कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला आणि पुढे दीपक मोहोनी यांनी त्याला हे सुटसुटीत नाव दिलं. अडतो तो सट्टा.

एक वाट संस्कृतातून जाते. सौदा पक्का करायला दिलेल्या विसाराला संस्कृतात 'सत्यंकार' म्हणत. त्यातल्या सत्याचा सट्टा झाला, असं म्हणायचा मोह होतो. पण प्राकृतात सत्यचं 'सच्च' होतं, मराठीत 'साच'. तिथे ट कुठून येणार? ही वाट बंद.

दुसरी वाट प्राकृत 'सट्ट'ची. अर्थ, अदलाबदल. प्राकृतातला जोड ट्ट मराठीत आला की एक ट गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. हट्टचा हाट झाला, पट्टचा पाट. त्याच चालीने सट्टचं साटं झालं आणि ते 'साटेलोटे'त अजून नांदतंय. आमच्याच घरात बघा. आई नांदेडहून लातूरला आली आणि त्याच मांडवात माझी आत्या नांदेडला मामाच्या घरी गेली. म्हणजे माझी आत्याच माझी मामी.

मग मराठीत सट्टा जोड ट्ट घेऊन कसा? तो घरचा नव्हे, मारवाडी-गुजराती पेढ्यांवरून आलेला पाहुणा. साट्याशी त्याच्या नात्याचा पुरावा हवा तर राजस्थानात जा. तिथे अशा अदलाबदलीच्या लग्नांना 'आटा-साटा' म्हणतात. लग्नाचा साटा आणि पेढीवरचा सट्टा सख्खे भाऊ आहेत, यावर मी पैज लावायला तयार आहे. 'लोटे' हा नुसता प्रतिध्वनी, असं कुणी म्हणेल. मला तो हिंदीतल्या 'लौटना'चा भाऊबंद वाटतो: एक जाते, एक परत येते.

राहिला साठेखतातला ठ. काहींना त्यात 'साठा' दिसतो, काहींना 'साठी'. माझ्या मते शेजारच्या 'ख'च्या श्वासाने ट चा ठ झाला आणि साठा ओळखीचा असल्याने तो टिकला. मामाच्या कागदावरचा लेखनिक चुकला नव्हता, चुकतोय आपण.

आता या खताचा स्वभाव बघा. भाव आज ठरतो, विसार आज दिला जातो, खरेदीखत पुढच्या तारखेला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४ वं कलम सांगतं की नुसत्या अशा कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. हा वायदाच नव्हे का? विसाराच्या जागी मार्जिन म्हणा, झालं.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या वायद्याकडे डोळे लावून बसणारे खूप होते. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. उघडा राहिला निर्देशांकाचा वायदा, २००० च्या जूनमध्ये सेन्सेक्स आणि निफ्टी दोघांचाही सुरू झालेला. सोयाबीनचं पोतं निदान गोदामात उतरवता येतं. निफ्टी कुठे उतरवणार? ५० कंपन्यांच्या भावांवरून काढलेला तो एक आकडा. मुदत संपली की फक्त फरकाची रोकड इकडून तिकडे होते. अदलाबदलीच्या शब्दाला अदलाबदलीची वस्तूच उरली नाही.

हे सगळं मी त्या संध्याकाळी घरात ऐकवलं. भाचा म्हणाला, "म्हणजे आजी, तुझंही सट्ट्यातच लग्न झालं की!"

आई निवडलेली तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "झालं ना. पण आमच्यात फरकाची रोकड घेऊन सुटायची सोय नव्हती."