वैयावृत्त्य : वैद्याच्या वार्धक्याचा आसरा

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. खानदेशात गावोगावी समाजाने उभारलेल्या संस्थांकडे पाहिले, तर या चारही दानांची खूण पटते. भोजनशाळा, धर्मार्थ दवाखाना, पाठशाळा आणि पांजरपोळ ही त्यांचीच दृश्य रूपे होत. यांपैकी औषधदानाचा विचार करताना औषध घेणारा रुग्ण आणि त्यासाठी द्रव्य देणारा दाता हे दोघे चटकन डोळ्यांसमोर येतात. तिसरा मात्र बहुधा विस्मरणात जातो. तो म्हणजे औषध देणारा वैद्य. ज्याने आयुष्यभर इतरांच्या नाडीवर बोट ठेवले, तो स्वतः वृद्ध झाला, अंथरुणाला खिळला आणि डोक्यावरचे छप्परही त्याला उरले नाही, तर त्याचे कोण? हा प्रश्न नवा नाही. जैन इतिहासाने तो अनेक वेळा पाहिला आहे आणि त्याची बरीवाईट उत्तरेही दिली आहेत.

या परंपरेचे मूळ शोधताना प्रथम स्मरण होते ते जीवानंद वैद्याचे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांचे वर्णन आहे. त्यांतील एका भवात त्यांचा जीव वैद्यकुळात जन्मला. एके दिवशी कृमिकुष्ठाने ग्रासलेले एक मुनी भिक्षेसाठी आले. ते पाहून राजपुत्र असलेल्या मित्राने जीवानंदाला टोमणा मारला, की वैद्य हे धनाशिवाय कोणाकडे पाहतही नाहीत. जीवानंदाने उत्तर दिले, की लक्षपाक तेल माझ्याजवळ आहे, परंतु गोशीर्ष चंदन आणि रत्नकंबल नाही. सहा मित्र बाजारात एका वृद्ध व्यापाऱ्याकडे गेले. दोन्ही वस्तू अत्यंत मोलाच्या होत्या. तथापि त्या कोणासाठी हव्यात हे कळताच त्या व्यापाऱ्याने मूल्य घेण्याचे नाकारले. पुढे सहाही मित्रांनी स्वतःच्या हातांनी मुनींच्या अंगाला तेल चोळले, कंबल पांघरला, चंदनाचा लेप दिला आणि शरीरातून निघालेल्या कृमींचाही जीव जाणार नाही याची काळजी घेतली.

या कथेतील कामाची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. विद्या वैद्याची, द्रव्य व्यापाऱ्याचे आणि हात सर्वांचे. मुनी तर अनगार, म्हणजे व्रतानेच घर सोडलेले. ज्याला घर नाही त्याच्या आजारपणात संपूर्ण समाज त्याचे घर होतो, हा त्या कथेचा आशय आहे. यालाच शास्त्राने ‘वैयावृत्त्य’ म्हटले. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपात केली असून ज्या दहांची सेवा करावयाची त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण साधूचा स्पष्ट उल्लेख आहे. उपवास हे जसे तप, तसेच रुग्णाचे अंथरूण स्वच्छ करणे हेही तपच होय.

श्वेतांबर परंपरेतील छेदसूत्रांनी आणि त्यांच्यावरील भाष्यांनी या तत्त्वाला नियमांचे रूप दिले. रुग्ण साधूची वार्ता ऐकूनही त्याच्या सेवेला न जाणाऱ्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. संघदासगणींच्या बृहत्कल्पभाष्यात तर रुग्णसेवेचा विचार अतिशय बारकाईने केलेला आढळतो. वैद्याकडे कोणी जावे, कोणत्या वेळी जावे, त्याच्याशी कसे बोलावे, येथपासून वैद्य परगावाहून आला तर त्याच्या निवासाची, शय्येची आणि भोजनाची सोय कशी लावावी येथपर्यंत हा विचार जातो. स्वतः अपरिग्रही असलेल्या साधुसंघाने वैद्याच्या निर्वाहाचीही चिंता करावी, ही गोष्ट विशेष होय. औषधाची अपेक्षा करावयाची आणि औषध देणाऱ्याच्या पोटाचा व निवाऱ्याचा विचार करावयाचा नाही, हे त्या भाष्यकारांना मान्य नव्हते.

जैनांनी वैद्यकशास्त्रातही मोलाची भर घातली. प्राणावाय हे पूर्वश्रुत या विद्येचे मूळ मानले जाते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि मद्य, मांस व मधु यांना वर्ज्य करून चिकित्सा सांगितली. हा ग्रंथ १९४० साली आपल्या महाराष्ट्रातच, सोलापूर येथे, पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. पुढील शतकांत हर्षकीर्तिसूरींचा ‘योगचिंतामणी’ आणि हस्तिरुचींचा ‘वैद्यवल्लभ’ हे ग्रंथ वैद्यांच्या नित्य वापरात राहिले.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही विद्या मुख्यतः यतींच्या हाती आली. राजस्थान व गुजरातेतील गावागावांत उपाश्रयात राहणारे यती, ज्यांना लोक जतीजी अथवा गोरजी म्हणत, ते पंचांग सांगत, मुलांना अक्षरओळख करून देत, हस्तलिखितांचा सांभाळ करीत आणि औषध देत. दवाखाने नव्हते त्या काळात अनेक खेड्यांना त्यांचाच आधार होता. त्यांच्या खलबत्त्यातील औषध ओसवालाच्या घरी जाई, तसे शेतकऱ्याच्या झोपडीतही जाई.

मात्र यतींच्या जीवनात एक मोठी विसंगती होती. चिकित्सेवर उपजीविका करणे साधूला निषिद्ध आहे, असे उत्तराध्ययनसूत्रासारखे आगम सांगतात. यती वाहने वापरीत, द्रव्य बाळगीत. त्यामुळे शिथिलाचाराचा आक्षेप त्यांच्यावर आला आणि तो निराधार नव्हता. एकोणिसाव्या शतकात संवेगी साधूंच्या सुधारणेने जोर धरला. स्वतः यतिपरंपरेत वाढलेल्या राजेंद्रसूरींनी १८६८ साली जावरा येथे क्रियोद्धार केला. पू. आत्मारामजी (१८३७–१८९६) यांच्यासारख्या आचार्यांमुळे शुद्ध मुनिधर्माची पुनःस्थापना झाली. हे कार्य आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्याची एक बाजू फारशी लिहिली गेलेली नाही. संघाची श्रद्धा मुनींकडे वळली आणि वृद्ध यती मागे राहिले. त्यांना पुत्र नव्हते, कारण ते गृहस्थ नव्हते. त्यांना मुनिसंघाची सेवा नव्हती, कारण ते पंचमहाव्रतधारी मुनी मानले जात नव्हते. हात चालत होते तोवर औषधामुळे मान होता. हात थकले, की शिष्य मिळाला तर सांभाळ, नाही तर एकांत, अशी त्यांची अवस्था झाली.

अशाच एका वृद्ध यतीची हकीकत सुदैवाने नोंदली गेली आहे. मेवाडातील रूपाहेली या गावी यती देवीहंस राहत असत. वैद्यकीच्या ज्ञानामुळे त्यांना पंचक्रोशीत मान होता. गावातील परमार राजपूत कुटुंबात १८८८ साली जन्मलेला किशनसिंह हा मुलगा त्यांच्याजवळ अक्षरे शिकू लागला. बालवयातच त्याचे पितृछत्र हरपले. तो काळही कठीण होता. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा, ‘छप्पनिया’ दुष्काळ राजस्थानवर कोसळला होता. त्या दुष्काळाच्या झळा खानदेशालाही लागल्या आणि त्याच्या आठवणी मारवाडातून इकडे आलेल्या कुटुंबांत पुढे अनेक वर्षे सांगितल्या गेल्या. यती देवीहंस अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची शुश्रूषा या राजपूत मुलाने केली. तो जन्माने जैन नव्हता, वयाने लहान होता आणि घरची स्थितीही संपन्न नव्हती. तरीही गुरूच्या अखेरच्या आजारपणात तो त्यांच्यापाशी राहिला.

हाच किशनसिंह पुढे मुनी जिनविजय या नावाने भारतविख्यात झाला. प्रथम स्थानकवासी आणि नंतर मूर्तिपूजक संप्रदायाची दीक्षा घेऊन त्यांनी प्राकृत, अपभ्रंश व प्राचीन हस्तलिखिते यांचा व्यासंग केला. १९१७ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराशी त्यांचा निकटचा संबंध आला. ‘जैन साहित्य संशोधक’ हे त्रैमासिक त्यांनी पुण्यातूनच सुरू केले. १९२० साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते गुजरात विद्यापीठात गेले. सिंघी जैन ग्रंथमालेद्वारे त्यांनी अनेक दुर्मीळ ग्रंथ प्रकाशात आणले. १९६१ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि १९७६ साली त्यांचे निधन झाले. आपल्या आत्मकथनात त्यांनी देवीहंसांचे ऋण कृतज्ञतेने मानले आहे. उपाश्रयातील एका थकलेल्या वैद्याने दिलेली अक्षरे जैन विद्येच्या संशोधनाला किती उपकारक ठरली, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होते. त्या वैद्याचा अखेरचा आधार मात्र एक लहान मुलगा होता, ही गोष्ट समाजाने विसरू नये.

आजारी व निराश्रित विद्वानाला आसरा देण्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरचे आहे. ते जैन समाजातील नाही आणि वैद्याचेही नाही, परंतु वैयावृत्त्याचा अर्थ त्यातून अधिक स्पष्ट होतो. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री हे येरवडा कारागृहात गांधीजींचे सहबंदी होते. कुष्ठरोगाने ग्रासलेले शास्त्रीजी १९३९ साली सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाची भीती एवढी होती, की रुग्णाला स्वतःचे घरही पारखे होई. गांधीजींनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले, आपल्या निवासाजवळच शास्त्रीजींसाठी कुटी उभारली आणि नित्य स्वहस्ते त्यांच्या अंगाला तेल चोळले. प्रकृतीला थोडा उतार पडताच शास्त्रीजींच्या विद्येलाही आश्रमात स्थान मिळाले. आश्रमातील विवाहाचे पौरोहित्य त्यांनी केले. पुढे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठधामात ते राहिले आणि १९४५ साली तेथेच त्यांचा देह शांत झाला. कुटी, हातांची सेवा आणि विद्येचा मान या तिन्ही गोष्टी त्यांना मिळाल्या. केवळ कुटी मिळाली असती, तर ते आश्रित ठरले असते. विद्येला मान मिळाल्यामुळे ते अखेरपर्यंत शास्त्रीजीच राहिले.

साधु-साध्वींच्या बाबतीत आपल्या संघांनी ही परंपरा आजही निष्ठेने सांभाळली आहे. जंघाबल क्षीण झाले, विहार अशक्य झाला, की त्यांचा ‘स्थिरवास’ होतो. मग गोचरी, औषधोपचार आणि रात्रंदिवसाची सेवा यांचा भार स्थानिक संघ आनंदाने उचलतो. आचार्यसम्राट पू. आनंदऋषीजी महाराज यांच्या अखेरच्या काळात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, श्रीसंघाने केलेली सेवा महाराष्ट्रातील समाजबांधवांच्या स्मरणात आहे. २८ मार्च १९९२ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले आणि त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने त्या सेवेचा लाभ सर्व जातिधर्मांच्या रुग्णांपर्यंत पोहोचविला.

प्रश्न आहे तो जे मुनी नाहीत, परंतु ज्यांनी समाजाचे आरोग्य सांभाळले त्यांचा. रेल्वे आणि कापसाच्या व्यापाराबरोबर मारवाडातून जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चोपडा या गावी आलेल्या कुटुंबांना येथील वैद्य, सुईणी आणि हाडवैद्य यांनीच जगविले. पुढे धर्मार्थ दवाखान्यांत अल्प मानधनावर काम करणारे डॉक्टर, परिचारिका व कंपाउंडर यांनी तीच परंपरा चालविली. अशांपैकी कोणी वृद्धापकाळी भाड्याच्या खोलीतून बाहेर पडत असेल, कोणाला स्वतःच्याच औषधासाठी हात पसरावा लागत असेल, तर तो समाजाच्या औषधदानातील उणेपणा मानला पाहिजे. त्याला वर्षातून एकदा शाल व श्रीफळ देणे पुरेसे नाही. शाल अंगावर राहते, छप्पर होत नाही.

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. धर्मशाळेतील एक खोली, दवाखान्यातील औषध, भोजनशाळेतील पथ्याचे ताट या गोष्टी आपल्या संस्थांजवळ आहेत. जीवानंदाच्या कथेतील व्यापाऱ्याची उदारताही या समाजात कधी उणी पडली नाही. आवश्यकता आहे ती त्या कथेतील उरलेल्या मित्रांची आणि रूपाहेलीच्या उपाश्रयातील त्या मुलाची, म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या हातांची. संघातील तरुणांनी आठवड्यातील एक दिवस एखाद्या थकलेल्या वैद्याजवळ घालविला, त्याची विचारपूस केली आणि त्याच्याजवळची विद्या समजून घेतली, तर त्याची सेवा घडेल आणि विद्येचे जतनही होईल. औषधदानाची परंपरा अशा रीतीने औषध देणाऱ्यापर्यंत पोहोचली, तरच ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.