फॅड वस्तू म्हणजे काय? तान्ह्या पोळ्याच्या नंदीवरून समजून घ्या

श्रावण अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात या दिवशी मुलं चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा मागतात. त्यामुळे नंदीचा बाजार मोजक्याच दिवसांचा. सण सरला की गिऱ्हाईकही सरतं.

मग फॅड वस्तूचं वेगळं काय? तिची मागणीही अशीच थोड्या दिवसांची असते, पण दरवर्षी परत येणारा सण तिच्यामागे नसतो. अमेरिकेत १९७५ साली गॅरी डाल यांनी साधा दगड डब्यात घालून 'पेट रॉक' म्हणून ३.९५ डॉलरला विकला. काही महिन्यांत १० लाखांहून जास्त दगड खपले, पण १९७६ उजाडताच मागणी ओसरली. २०१७ मध्ये फिजेट स्पिनरचंही तेच झालं.

अशा वस्तूची नक्कल सोपी असते. म्हणून सुरुवातीचे विक्रेते कमावतात आणि उशिरा माल भरणाऱ्याचा पैसा अडकतो. उरलेला नंदी नवा रंग देऊन पुढच्या पोळ्याला मांडता येतो, उरलेला स्पिनर नाही. रील पाहून माल भरण्याआधी एवढंच तपासा: ही मागणी पुढच्या वर्षी परत येईल का?