बालेवाडी ते जकार्ता : दोन सेंटिमीटरची गोष्ट

परवा पुण्याहून हिंजवडीला परत येताना हायवेवर अडकलो होतो. (यात बातमी काही नाही, माहितीये.) शेजारी भाचा. बालेवाडी स्टेडियमची पाटी बघून त्याने विचारलं, "मामा, इथे कबड्डी सोडून कधी काही मोठं झालंय का?" गाडी हलत नव्हतीच, मग सांगत बसलो. तेच इथे लिहितोय.

ऑक्टोबर २००८. बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरल्या होत्या. 'जिग्गर' नावाचा वाघाचा बछडा शुभंकर म्हणून शहरभर लागलेला. मी गाडी काढली आणि थेट जलतरण तलाव गाठला, कारण कोल्हापूरचं एक पोरगं तिथे उतरणार होतं. वीरधवल खाडे. दोनच महिन्यांपूर्वी तो बीजिंग ऑलिम्पिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहून आला होता, तेव्हा वय फक्त १६. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. हातपाय मारले की झालं पोहणं, अशी आमची समजूत. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पाणी न उडवता पोहता येतं. वीरधवलने तिथे सुवर्णपदकं घेतली आणि मी त्याचा चाहता झालो तो कायमचा.

आता पोहण्याचा चाहता असणं हा आपल्याकडे एकट्याने करायचा उद्योग आहे. मॅच बघायला चौकात स्क्रीन लागते, पोहण्याच्या शर्यतीचा निकाल मात्र आपणच शोधायचा. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत वीरधवलने ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ घेतलं, वेळ २४.३१ सेकंद. आशियाई स्पर्धेत पोहण्यात आपल्याला पदक मिळालं ते तब्बल २४ वर्षांनी. आधीचं खजानसिंगचं रौप्य, १९८६ सालचं, सोलचं. मी ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले आणि मग विचारलं, "कशाचे?"

पुढची गोष्ट मला जास्त लागते. राज्य सरकारने कौतुक म्हणून त्याला तहसीलदाराची नोकरी दिली. हेतू चांगलाच होता, नाही म्हणत नाही. घरी आनंद झाला असणार, आपल्याकडे तहसीलदार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण पोहणाऱ्याचं शरीर रोज पाण्यात राहिलं तरच टिकतं. १९-२० वर्षांच्या पोराला बक्षीस म्हणून खुर्ची दिली आणि त्याच खुर्चीने त्याला तलावापासून लांब ठेवलं. सरावाला रजा मिळत नाही, हे तो स्वतः मुलाखतींत सांगत होता. जी वर्षं वेगाची, ती अशी गेली. सिंगापूरने त्याच सुमारास जोसेफ स्कूलिंगची सक्तीची लष्करी सेवा पुढे ढकलली. तो २०१६ ला रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्सला मागे टाकून सोनं घेऊन आला. तिथल्या सरकारने त्याला वेळ दिला.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. वीरधवल परत आला होता. २७ वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम! मी हिंजवडी फेज-२ ला ऑफिसात. दुपारच्या चहाच्या वेळी कॅन्टीनच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसलो. नेटवर्क नेहमीसारखंच. निकालाचं पान उघडलं: खाडे, चौथा, २२.४७. तिसरा जपानचा, २२.४६. म्हणजे सकाळची स्वतःचीच वेळ संध्याकाळी पुन्हा निघाली असती तरी ब्राँझ त्याचंच होतं. चहा तसाच राहिला. मग कागद घेऊन हिशोब केला, आयटीवाला आहे, दुसरं काय करणार. त्या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात माणूस साधारण दोन सेंटिमीटर जातो. अंगठ्याच्या पेराएवढं अंतर.

शंभराव्या भागावर का थांबतात, हजारावा का मोजत नाहीत, यालाही इतिहास आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलीत स्वीडनच्या लार्सनने अमेरिकेच्या मॅकीला सेकंदाच्या हजारातल्या २ भागांनी हरवलं. अंतर झालं जेमतेम ३ मिलिमीटर. तलावाच्या भिंतीसुद्धा इतक्या अचूक बांधता येत नाहीत, म्हणून नंतर शंभरावा भाग हीच मर्यादा ठरली, आणि तिथे बरोबरी झाली तर पदक दोघांना.

आणि गंमत बघा, त्याच ऑगस्टमध्ये, त्याच पश्चिम जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सोनं जिंकलं होतं. सैन्यातला बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला, उपचार म्हणून पाण्यात उतरलेला माणूस. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला, 'चंदू चॅम्पियन' आला २०२४ ला आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. तोवर ५२ वर्षं उलटली होती. सिनेमा आल्यावर आमच्या ग्रुपवर जे "अरे, हा आपला माणूस!" म्हणाले, त्यांत मीही होतो. उगाच शहाणपणा कशाला, मलाही नीट माहीत नव्हतं.

वीरधवलची शेवटची मोठी शर्यत २०२३ ची, गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेतली. ३२ व्या वर्षी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सोनं, आणि त्याच अंतरात महिलांचं सोनं त्याची बायको ऋजुताचं. एका घरात दोन्ही.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपल्या सोसायटीच्या पूलची लांबी किती आहे?" मला सांगता येईना. घरी पोचल्यावर टेप घेऊन दोघं खाली गेलो. १४ मीटर, आणि बोर्डावर लिहिलेलं: 'देखभालीसाठी बंद'.