चित्त एक, विषय एक : वेदना हलकी करण्याच्या एका साध्या उपायाचा इतिहास

लहान बाळाचे कान टोचण्याचा प्रसंग मावळातील प्रत्येक घराने पाहिलेला आहे. सोनार तार घेऊन बसतो, बाळाला मांडीवर घट्ट धरलेले असते आणि नेमक्या क्षणी घरातील एखादी आजी ओसरीबाहेर बोट दाखवून म्हणते, "तो बघ काऊ!" बाळाची मान वळते आणि तेवढ्या अवधीत तार कानाच्या पाळीतून पार होते. रडू येतेच, परंतु कावळा पुन्हा दाखविला की ते लवकर ओसरते. या आजीने वैद्यकाचा ग्रंथ वाचलेला नसतो. तथापि तिने जे केले, त्याचीच परीक्षा गेल्या काही दशकांत जगातील मोठमोठ्या रुग्णालयांनी शास्त्रीय पद्धतीने केली आहे. रुग्ण जागा असताना त्रासदायक उपचार करावे लागले, तर त्याच्या डोळ्यांना दुसरा विषय द्यावा आणि वेदनेचा भार हलका करावा, असा हा उपाय आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या उपायाचा इतिहास आठवणे उचित ठरेल. कारण त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाची चर्चा जैन परंपरेने फार पूर्वी केलेली आहे.

उल्लुका नदीतील प्रश्न

श्वेतांबर आगमपरंपरेत सात निन्हवांच्या कथा येतात. निन्हव म्हणजे भगवंतांच्या वचनाचा एखादा अंश अमान्य करणारे. त्यांपैकी पाचवे आर्य गंग हे होत. महावीर निर्वाणानंतर 228 वर्षांनी ही घटना घडली, असे परंपरा सांगते. शरद ऋतूत आर्य गंग आपल्या गुरूंच्या वंदनासाठी उल्लुका नदी ओलांडत होते. मस्तकावर केस नसल्यामुळे वरून ऊन पोळत होते आणि खाली पायांना पाण्याचा गारवा लागत होता. त्यांच्या मनात आले, एका समयी एकच अनुभव होतो असे शास्त्र म्हणते; परंतु उष्ण आणि शीत हे दोन्ही तर एकदमच जाणवत आहेत! म्हणून एका वेळी दोन क्रियांचे वेदन होते, असे मत त्यांनी मांडले.

गुरूंनी त्यांना समजाविले, की मन अतिसूक्ष्म आणि अतिशीघ्र आहे. ते पायाकडून मस्तकाकडे इतक्या वेगाने जाते, की दोन्ही अनुभव एकाच वेळचे भासतात. जिनभद्रगणी क्षमाश्रमण यांच्या विशेषावश्यकभाष्यात हा वाद विस्ताराने आला आहे. कमळाची शंभर पाने एकावर एक ठेवून सुईने भेदली, तर ती एकदमच भेदली गेली असे वाटते. प्रत्यक्षात सुई एकेका पानातून क्रमाने जाते. गंग प्रथम मानले नाहीत. पुढे राजगृह येथे मणिनागाच्या बोधाने ते मूळ मताकडे परतले, असे कथा सांगते.

जैन दर्शनात चेतनेच्या या व्यापाराला 'उपयोग' अशी संज्ञा आहे. ज्या विषयाकडे उपयोग वळतो, त्याचा अनुभव येतो. ही चर्चा अर्थातच तत्त्वज्ञानाची आहे. तिला वैद्यकीय प्रयोग म्हणता येणार नाही. तरीही त्या आजीच्या बोटाने बाळाचे चित्त कानावरून कावळ्यावर नेले, हे समजण्यास यापेक्षा सुबोध दृष्टांत मिळणे कठीण आहे.

प्राचीन वैद्यकातील तजवीज

भारतीय वैद्यांनीही ही गोष्ट ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन आणि विरेचन या कष्टदायक उपचारांपूर्वी कोणती सिद्धता करावी, हे सांगितले आहे. वारा खेळता राहील असे भक्कम घर, औषधे, भांडी आणि कुशल सेवक यांच्या जोडीला गाणारे, वाद्ये वाजविणारे आणि कथा, इतिहास व पुराणे सांगणारे लोक असावेत, असे तेथे म्हटले आहे. रुग्णाच्या मनातील भाव ओळखणारी माणसे त्याच्याजवळ असावीत, हीदेखील सूचना आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या रुग्णाविषयी सांगताना स्नेही मंडळींनी गोड गोष्टी सांगून त्याची वेदना दूर करावी, असा उपदेश येतो.

ग्रंथकारांनी येथे मुख्यतः कानाचा मार्ग सांगितला. डोळ्यांचा मार्ग रुग्णालयांच्या विचारात पुढे आला तो आधुनिक काळात.

खिडकीपासून हिमदरीपर्यंत

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करण्याचे युग सुरू झाले. मोठ्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटला. परंतु मलमपट्टी, टाके, दातांचे उपचार आणि शरीरात नळी घालून केलेली तपासणी यांसाठी प्रत्येक वेळी रुग्णाला बेशुद्ध करता येत नाही. पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाचे काय, हा प्रश्न उरलाच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली निघालेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रुग्णाच्या दृष्टीस काय पडते, याचा स्वतंत्र विचार केला. त्याच भिंती आणि तेच छत दिवसेंदिवस पाहणाऱ्या रुग्णाला रंग, फुले आणि दृश्यातील बदल यांचा केवळ मनालाच नव्हे तर शरीरालाही लाभ होतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी 'द्वार-नियंत्रण' सिद्धांत मांडला. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार लागते. मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार कमीअधिक प्रमाणात मिटू शकतात. भय आणि लक्ष यांचा वेदनेवर परिणाम का होतो, हे त्यामुळे समजू लागले.

पुढे प्रत्यक्ष पाहण्या झाल्या. रॉजर उलरिच यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी 23 जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर 23 जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली.

नळी घालून फुप्फुसाची तपासणी करताना रुग्णासमोर निसर्गाचे मोठे चित्र लावून निसर्गातील ध्वनी ऐकविण्याचा प्रयोग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे झाला. 80 रुग्णांवरील हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. चित्र व ध्वनी लाभलेल्या रुग्णांची वेदना अधिक आटोक्यात राहिली. चिंतेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

भाजलेल्या रुग्णाच्या जखमा धुणे आणि पट्ट्या बदलणे यांइतका क्लेशकारक उपचार क्वचितच असेल. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी संगणकावर एक आभासी हिमदरी निर्माण केली. डोळ्यांवर दृश्ययंत्र चढवून रुग्ण त्या बर्फाच्या दरीतून फिरतो आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. आगीने पोळलेल्या जीवाला हिमाचे दर्शन घडविण्याची ही कल्पना मोठी मार्मिक आहे. 2000 साली त्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. नेहमीच्या व्हिडिओ खेळापेक्षा आभासी दृश्यात रमल्याने त्यांना वेदना कमी जाणवली होती. 2004 साली निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या असता, वेदनेशी संबंधित भागांतील हालचालही त्या वेळी घटलेली आढळली.

मर्यादा आणि एक शंका

या उपायाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. चित्र हे भुलीच्या इंजेक्शनाची जागा घेऊ शकत नाही. ते औषधाच्या जोडीने चालते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळाच गुंतलेला असल्याने तेथे चित्राचा उपयोग नाही. तेथे हातात धरलेला हात आणि चार धीराचे शब्द कामी येतात. "अजिबात दुखणार नाही" असे खोटे सांगून मुलाला फसविणेही योग्य नव्हे. एकदा विश्वास उडाला की ते मूल पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही.

धर्मप्रेमी वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल. आपल्या परंपरेने वेदना समभावाने सहन करण्यास शिकविले आहे. केशलोच करणारे साधू-साध्वी चित्त दुसरीकडे वळवीत नाहीत. ते वेदनेला जाणतेपणी सामोरे जातात. मग वेदनेपासून लक्ष काढून घेणे हा दुबळेपणा नव्हे काय?

परीषह-जय हे स्वेच्छेने घेतलेल्या व्रताचे आणि दीर्घ साधनेचे फळ आहे. चार वर्षांच्या बालकाने किंवा भाजलेल्या मजूर स्त्रीने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही. स्वतःच्या वेदनेबाबत समता आणि दुसऱ्याच्या वेदनेबाबत करुणा, अशा या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. दुसऱ्याकडून समतेची अपेक्षा ठेवून आपण करुणेतून मोकळे होऊ लागलो, तर तो धर्माचा विपर्यास होईल. वैयावृत्य, म्हणजे सेवा, ही आभ्यंतर तपात गणली आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

भोर-वेल्ह्यासाठी बोध

हिरडस मावळ, वेळवंड, कानंद आणि गुंजण मावळातील वाड्यावस्त्यांवरून रुग्णाला दवाखान्यात आणणे आजही सोपे नाही. पावसाळ्यात तर घाटवाटेचा प्रवासच रुग्णाला अर्धा करून सोडतो. इतक्या कष्टाने आलेला माणूस पहिल्या मलमपट्टीच्या भयाने दुसऱ्या खेपेस आलाच नाही, तर जखम चिघळते आणि प्रसंगी अवयव गमवावा लागतो. भय घालविणे हादेखील उपचाराचाच भाग आहे, तो यासाठी.

जैन समाजाने रुग्णसेवेसाठी खाटा, यंत्रे आणि औषधे देण्यात हात कधी आखडता घेतलेला नाही. त्या दानात आणखी एका छोट्या दानाची भर पडावी. मलमपट्टीच्या खोलीतील खाटेवर निजलेल्या माणसाला काय दिसते, हे दात्यांनी एकदा स्वतः तेथे उभे राहून पाहावे. पोपडे उडालेले छत आणि हत्यारांचा ट्रे एवढेच दिसत असेल, तर ट्रे पडद्याआड जावा आणि समोर एखादे मोठे चित्र यावे. ते परदेशातील असण्याची गरज नाही. तोरण्याचा माथा, भाटघरचे भरलेले पाणी, नीरेचा काठ किंवा भातलावणीची खाचरे यांपैकी काहीही चालेल. रुग्णाला त्यात आपले गाव शोधावेसे वाटेल आणि तितका वेळ त्याचे चित्त जखमेपासून दूर राहील. मुलांसाठी एक पडदा आणि चार बोधपर चित्रफिती पुरेशा आहेत. डॉक्टरांच्या संमतीने आणि त्यांच्या सोयीने हे सहज करता येईल.

त्यासाठी खर्च फार नाही. जी दृष्टी लागते, ती त्या आजीपाशी होती. दुसऱ्याची वेदना आपल्याला घेता येत नाही, कारण ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. परंतु त्या भोगाच्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर काय असावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत ट्रस्टच्या सेवाकार्याला हीही दिशा लाभो, हीच शासनदेवाच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!