विरघळलेला ऑक्सिजन (राहुरी परिसरातील नदी, जलाशय व शेततळी)

पाण्यात वायुरूपाने मुरलेला प्राणवायू. मासे, जलकीटक आणि गाळातले बहुतेक जीव यांचे श्वसन त्यावरच चालते; पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन त्यांच्या कामाचा नाही. लिटरभर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. समुद्रसपाटीला लिटरभर गोड्या पाण्यात २०° से.ला ९.१, तर ३०° से.ला जेमतेम ७.६ मिलिग्रॅम मावतो. राहुरी सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तिथे हे प्रमाण आणखी पाच-सहा टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा आटतो.

शेततळ्यात हा आकडा दिवसभर हलत राहतो. उन्हात सूक्ष्म शैवाल ऑक्सिजन सोडते. रात्री तेच तो ओढून घेते. नीचांक पहाटे येतो, सलग ढगाळ दिवसांनंतर तर फारच खाली. हिरवेगार पाणी म्हणजे चांगले तळे ही समजूत म्हणूनच अर्धी खरी, आणि दुपारची एकच नोंद जवळजवळ निरुपयोगी. कटला, रोहू, मृगळ यांना लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर मानवते; ३च्या खाली त्यांचे खाणे मंदावते, मग ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मरळ व मागूर थेट हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे तगतात. अशा वेळी खाद्य व शेणखत थांबवून पंपाने पाणी फवाऱ्यासारखे उडवणे किंवा एरेटर लावणे हा उपाय. एरेटर चालवायचा तो मुख्यतः रात्री.

हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या मुळा नदीवर बारागाव नांदूरजवळ २६ टीएमसी क्षमतेचे धरण आहे. अशा खोल जलाशयात उन्हाळ्यात कोमट थर वर तरंगतो, तळाला हवा पोचत नाही आणि कुजणारा गाळ उरलासुरला ऑक्सिजन संपवतो. खडकांवरून खळाळताना नदी तो भरून काढते, बंधाऱ्यामागे साचल्यावर मात्र ही भरपाई मंदावते. ऊसपट्ट्यात खरा धोका मळीपासून मद्यार्क काढताना उरणाऱ्या सांडपाण्याचा: त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन-मागणी लिटरला हजारो मिलिग्रॅम असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे.

मोजणीसाठी लायोश विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाची १८८८ची अनुमापन पद्धत आजही प्रमाण मानतात. नमुन्याच्या बाटलीत बुडबुडा राहता कामा नये आणि पहिली रसायने काठावरच घालावी लागतात.