बक्षिसीचा मार्ग : पोकरचे टेबल आणि दौलतजादा

ठरलेल्या वेतनाखेरीज सेवकाला वरकड दिलेली रक्कम ही सामान्यतः दात्याच्या औदार्याची बाब समजली जाते. किती द्यावे, केव्हा द्यावे, न दिल्यास काय वाटेल, एवढ्याच अंगांनी तिचा विचार होतो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र यापेक्षा निराळा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. दात्याच्या हातातून निघालेला पैसा सेवकाच्या हाती कोणत्या मार्गाने पोचतो, आणि त्या मार्गावर कोण उभा असतो, हा तो प्रश्न होय. मराठीतील शब्दसंपत्तीच या भेदाची साक्ष देते. बलुते हा हक्क होता. तेथे मेहरबानीला जागा नव्हती. दिवाळीची पोस्त ही वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जवळजवळ हक्काने मागितली जाई. गवयाला किंवा कीर्तनकाराला मिळे ती बिदागी. ती निरोपाच्या वेळी, सन्मानाने, बहुधा झाकून दिली जाई. फारसीतून आलेले बक्षीस मात्र वरून खाली येते. घेणाऱ्याने हात पुढे करावा लागतो, आणि ते चारचौघांच्या देखत दिले जावे अशी देणाऱ्याची पुष्कळदा इच्छा असते.

या प्रश्नाचा विचार जुईनगरच्या परिसरातून करणे काहीसे विचित्र वाटेल. नवी मुंबईतील हे उपनगर सानपाडा आणि नेरूळ यांच्यामध्ये, सायन-पनवेल महामार्गाच्या आश्रयाने वसले. वाशीकडून येणारा आणि ठाण्याकडून येणारा असे दोन लोहमार्ग येथे एकमेकांना मिळतात. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या या नगरात जुगारगृहाला स्थान नव्हते, आणि आजही नाही. परंतु याच महामार्गाच्या पट्ट्यात, वाशीपासून पनवेलपर्यंत, १९९० नंतरच्या काळात नृत्यबारांचा व्यवसाय वाढला. आणि बक्षिसी कोणाच्या हातात, कशी द्यावी, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर महाराष्ट्राचे विधिमंडळ आणि सर्वोच्च न्यायालय यांना जो विचार करावा लागला, तो या व्यवसायाच्या निमित्तानेच होय. जुगारगृहाच्या टेबलावर रूढीने जे ठरले, ते येथे कायद्याने ठरवावे लागले. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे आहे.

महाराष्ट्रात जुगारगृहाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना वगळून बाकीच्या जुगारावर बंदी घालतो. त्याला अपवाद करणारा महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केला. पण तो अमलात आणणारी अधिसूचना कधीच निघाली नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. सुमारे सत्तेचाळीस वर्षे कागदावर जिवंत राहून एकही टेबल न पाहिलेला असा हा कायदा. गोव्याने मात्र १९७६ च्याच आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व पुढे जहाजांवरील टेबलांना वाट करून दिली. मांडवीच्या पात्रात नांगरलेली जहाजे हे त्याचे दृश्य फळ. मराठी माणसाचा पोकरच्या टेबलाशी प्रत्यक्ष परिचय झाला तो मुख्यतः तेथे.

पोकरचे टेबल हे बक्षिसीच्या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे, याचे कारण त्या खेळाच्या रचनेत आहे. इतर टेबलांवर खेळाडू हा घराविरुद्ध खेळतो, आणि पत्ते वाटणारा घराचा माणूस असतो. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. घर प्रत्येक डावातून आपला ठराविक भाग काढून घेते. मराठी जुगारअड्ड्यांच्या भाषेत ज्याला ‘नाल’ म्हणतात तोच हा भाग. म्हणून डीलर कोणाचाच प्रतिपक्षी नसतो, आणि जिंकणाऱ्याने त्याला काही देणे हे घराच्या पैशाचे वाटप ठरत नाही. यावरून तेथील शिष्टाचार घडला. बक्षिसी द्यायची ती डाव संपून जिंकलेली रास आपल्यापुढे आल्यावर. डाव चालू असता नव्हे. ती रोख नोटेच्या रूपाने न देता खेळातील चकतीच्या रूपाने द्यायची, म्हणजे वरच्या छायाचित्रकाला आणि टेबलावरील प्रत्येकाला ती दिसते. डीलर ती चकती टेबलावर ठोकून, आवाज करून, मगच खिशात किंवा पेटीत टाकतो. टेबल सोडताना तो दोन्ही तळवे उघडे करून दाखवतो. त्या हातांत दुसऱ्याचे काही नाही याची ती ग्वाही असते. लहान डाव जिंकणाऱ्याने काही न दिल्यास कोणी बोलत नाही. पण रात्रभर जिंकून कोरड्या हाताने उठणाऱ्याची आठवण ठेवली जाते. स्पर्धेत डावागणिक देण्याची पद्धत नाही; तेथे बक्षीसपात्र खेळाडू शेवटी काही ठेवतो, अथवा आयोजक प्रवेशशुल्काचा काही भाग कर्मचाऱ्यांसाठी आधीच बाजूला काढतात. असा भाग काढला आहे की नाही हे विचारून घेणे हाही शिष्टाचाराचाच भाग मानला जातो.

या सगळ्या रीतीत औदार्यापेक्षा संशयाचा वाटा मोठा आहे, हे उघड आहे. घराला भीती असते ती डीलर व खेळाडू यांच्या संगनमताची. म्हणून दान उघड असावे, पण त्यातून ऋणानुबंध निर्माण होऊ नये, असा दुहेरी बंदोबस्त करावा लागतो. अमेरिकेत या दानाला ‘टोक’ म्हणतात. तो ‘टोकन’चा संक्षेप असावा. मराठी ‘टोका’शी त्याचा संबंध नाही. तेथे दोन पद्धती रूढ झाल्या. घराविरुद्धच्या खेळांच्या टेबलांवर मिळालेले सारे एकत्र करून पाळीतील सर्वांत समान वाटायचे. पोकरच्या खोल्यांत मात्र पुष्कळ ठिकाणी ज्याचे त्याला. पोकरचा डीलर साधारण अर्ध्या तासाने टेबल बदलतो, त्यामुळे एकाच खेळाडूशी त्याची जवळीक वाढत नाही, आणि ‘ज्याचे त्याला’ हे तत्त्व तेथे तुलनेने निर्धोक ठरते.

एकत्र वाटणीच्या पद्धतीचा एक अनपेक्षित परिणाम न्यायालयात दिसून आला. लास व्हेगासमधील एका डीलरने असा दावा केला की, खेळाडूंनी दिलेले हे पैसे भेट आहेत, उत्पन्न नव्हे. म्हणून त्यांवर प्राप्तिकर बसू नये. खालच्या न्यायालयाला हे पटले. खेळाडूला डीलरकडून विशेष सेवा मिळत नाही. तो देतो ते लहरीने किंवा दैवाला प्रसन्न करण्याच्या भावनेने, असा युक्तिवाद होता. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. जे पैसे रोज येतात, रोज समान वाटले जातात आणि ज्यांवर घर चालते, ते दात्याच्या मनात काहीही असले तरी घेणाऱ्याचे उत्पन्नच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. दात्याची भावना आणि घेणाऱ्याची उपजीविका या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे येथे स्वच्छपणे मांडले गेले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पत्त्यांच्या टेबलाभोवती नव्हे, तर नृत्याच्या मंचाभोवती उभा राहिला, आणि त्याची मुळे जुनी आहेत. तमाशाच्या दोन शाखांपैकी ढोलकीफडाचा कारभार तिकिटावर व कलावंतांना दिलेल्या उचलीवर चालतो. संगीतबारी मात्र दौलतजाद्यावर उभी राहिली. ‘दौलत’ आणि ‘ज्यादा’ या दोन शब्दांतच त्याचा अर्थ आहे. दात्याची संपत्ती वाढो, असा तो आशीर्वाद. तोच पुढे दानाचे नाव झाला. रसिक पैसे दाखवून लावणीची फर्माईश करतो, नर्तकी जवळ येऊन ते स्वीकारते, आणि दात्याचे नाव पुकारले जाते. नाव पुकारणे हे येथे दानाइतकेच महत्त्वाचे, कारण दुसऱ्या रसिकाने त्याहून अधिक द्यावे यासाठीच तो पुकारा असतो. जमलेल्या पैशात बारीची मालकीण, वादक, नर्तकी आणि थिएटरचा मालक यांचे वाटे असत. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरसारख्या ठिकाणी ही पद्धत दीर्घकाळ टिकली. तमाशाच्या सुधारणेचा विचार ज्यांनी ज्यांनी केला, त्यांचा पहिला आक्षेप दौलतजाद्यावर असे. तो बंद झाला तर बारीतील स्त्रीने जगावे कशावर, या प्रश्नाला त्यांच्याकडे सहसा उत्तर नसे.

नृत्यबार हा संगीतबारीचा थेट वंशज नव्हे. तेथील संगीत चित्रपटाचे, प्रेक्षक महानगरी आणि मुख्य विक्री मद्याची. परंतु कायद्याच्या दृष्टीने दोघांची कुळी एकच. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देणाऱ्या १९६० च्या नियमांच्या नावातच मेळे व तमाशे यांचा उल्लेख आहे, आणि बारमधील नृत्याचा परवाना त्याच नियमांखाली दिला जाई. पैसे देण्याची रीतही ओळखीची होती. गिऱ्हाईक मोठी नोट देऊन दहा-दहाच्या नोटांची गड्डी मागवी. ती हातात दिली जाई, नोटांची माळ गळ्यात पडे, किंवा नर्तकीच्या डोक्यावरून नोटा उधळल्या जात. खाली पडलेल्या नोटा गोळा करणे हे वेटरचे काम. कोणत्या नोटा कोणासाठी उधळल्या याचा हिशेब तोच ठेवी, आणि रात्री मालकाचा व नर्तकीचा वाटा निघे. वाट्याचे प्रमाण बारागणिक निराळे. बहुसंख्य नर्तकींना ठरलेले वेतन नसे किंवा नाममात्र असे. त्यांचा संसार या वाट्यावर चाले. पोकरच्या डीलरप्रमाणे चकती ठोकून ‘हे मला मिळाले’ असे सर्वांना दाखवण्याची सोय तेथे नव्हती. उधळलेल्या पैशाचा साक्षीदार जमिनीवरून नोटा वेचणारा माणूस, आणि तो मालकाचा नोकर.

२००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन बारमधील नृत्यावर बंदी आली. तीन वा अधिक तारांकित हॉटेलांना मात्र तीतून सूट होती. बंदीमुळे सुमारे पंचाहत्तर हजार स्त्रियांची उपजीविका गेली, असा त्यांच्या बाजूचा दावा होता. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एकच नृत्य महागड्या हॉटेलात निर्दोष आणि महामार्गावरील बारमध्ये भ्रष्ट कसे, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. मधल्या वर्षांत पुष्कळ बारांनी नृत्याऐवजी गायिकांचा वाद्यवृंद ठेवला. नर्तकी गेली, पण नोट राहिली. यावरून या व्यवसायाचा खरा कणा कोणता होता, हे कळून येते.

२०१६ च्या नव्या कायद्याने बंदीचा मार्ग सोडून नियमनाचा मार्ग धरला, आणि येथे बक्षिसीचा मार्ग हाच कायद्याचा विषय झाला. मंचावर नाणी-नोटा फेकणे वा उधळणे यास मनाई झाली. नर्तकीच्या हातात प्रत्यक्ष पैसे देण्यासही मनाई झाली. ज्याला काही द्यायचे असेल त्याने ते बिलात समाविष्ट करावे, असे ठरवण्यात आले. हेतू स्त्रीच्या प्रतिष्ठेचा होता, आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बिल हा मालकाचा कागद आहे. हातातली नोट बिलात गेली की ती प्रथम मालकाच्या गल्ल्यात जमा होते, आणि नंतर त्याच्या इच्छेने व हिशेबाने बाहेर पडते. दौलतजाद्यात निदान नोट नर्तकीच्या हाताला लागत तरी होती. बिलाच्या मार्गाला हॉटेल-व्यवसायात मान्यता होती, हे खरे. कार्डाने भरलेल्या बिलातील बक्षिसी हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तर ती वेतन ठरत नाही, हॉटेल ती केवळ त्यांच्या वतीने बाळगते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, प्राप्तिकराच्या एका प्रकरणात म्हटले होते. पण तेथील कर्मचारी नोंदलेला, पगारी आणि संघटित असतो. ज्या व्यवसायात नेमणुकीचा कागदच नाही, तेथे ‘त्यांच्या वतीने बाळगणे’ या शब्दांना आधार कशाचा?

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री व न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या पीठाने या तरतुदींचा जो निवाडा केला, त्यात फेकणे आणि देणे या दोन क्रिया वेगळ्या काढण्यात आल्या. नोटा उधळण्यावरील मनाई कायम राहिली. हातात बक्षिसी देण्यावरील मनाई रद्द झाली, आणि ती बिलातच घालण्याची सक्तीही गेली. नेमणुकीचा लेखी करार व मेहनताना बँकेच्या खात्यात जमा करणे या अटी न्यायालयाने उचलून धरल्या. उधळण्यात देणारा मोठा होतो आणि पैसा जमिनीवर पडतो. देण्यात दोन हात समोरासमोर येतात. पोकरच्या टेबलावर चकती फेकली जात नाही, सरकवली जाते, हे येथे सहज आठवते. तेथील रीत संगनमताच्या भीतीतून आली, येथील निवाडा उपजीविकेच्या आणि प्रतिष्ठेच्या विचारातून आला; तरी दोन्ही जवळजवळ एकाच जागी येऊन थांबले.

मात्र टेबलावर जे दुसरे पाऊल पडले, ते महामार्गाच्या या पट्ट्यात पडलेले नाही. डीलरच्या बक्षिसीची वाटणी कशी व्हावी, पेटी कोणी उघडावी, मोजणीला कोणी हजर असावे, हे जुगारगृहांत आधीच ठरलेले असते. नर्तकीच्या हाती आलेली नोट मात्र कार्यक्रम संपल्यावर पुन्हा एकदा वाट्यासाठी टेबलावर यावयाची असते. त्या दुसऱ्या मोजणीची रीत २००५ पूर्वीही मालकाच्या मर्जीवर होती. आता ती लेखी करारात लिहिली गेली तरच तिला काही निश्चित रूप येऊ शकते.