बाहीसह आणि बाहीविना

युद्धाच्या पटावरील खेळात रशियन हातबॉम्बला नुकसानीचा एकच आकडा देणे सोपे असते. इतिहास मात्र आधी विचारतो, फेकणारा उभा कुठे आहे? आडोशामागचा सैनिक दूरवर तुकडे उडवणारा बॉम्ब वापरू शकतो. उघड्यावर चाल करणाऱ्याला तेच तुकडे स्वतःला लागतील. म्हणून सोव्हिएत सैन्याकडे बचावासाठी जाड बिडाचा एफ-१ होता, तर १९३३च्या आरजीडी-३३वर धातूची बाही हवी तेव्हा चढवता येई.

भारतीय सैन्य मात्र पहिल्या महायुद्धातल्या मिल्स बॉम्बच्या वंशातला ३६ क्रमांकाचा बॉम्ब अनेक दशके वापरत राहिले. ऑगस्ट २०२१मध्ये नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेडने डीआरडीओच्या आराखड्यावरचा ‘मल्टी मोड’ हातबॉम्ब सैन्याकडे सोपवला. तोही बाहीसह बचावाचा, बाहीविना चढाईचा. कल्पना एवढी जुनी, मग नवे काय, हा आक्षेप रास्त आहे. पण ३६च्या बिडाच्या कवचाचे तुकडे लहानमोठे, बेभरवशाचे होत. नागपूरच्या बॉम्बमध्ये ते आधीच एकसारखे घडवलेले असतात. फेकणाऱ्याच्या जिवाचा हिशेब त्यामुळे नेमका होतो, आणि माझ्या मते या सुधारणेचे खरे मोल तिथेच आहे. खेळात एवढा तपशील जड होईल, असे कोणी म्हणेल. तिथे सैनिक आडोशाला आहे की उघड्यावर, एवढा एक प्रश्न पुरतो.